कोणाचा मुखत्यार?

आमच्या महाविद्यालयातील संगणकशास्त्राचे एक सहकारी गेल्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या विभागात आले ते हातात एक यादी घेऊनच. पदवीच्या शेवटच्या वर्षाला ते जो विषय शिकवतात त्याची टिपणे त्यांना मराठीतून तयार करायची होती. खेड्यांतून आलेल्या मुलांना विषय कळतो, पण इंग्रजी वाक्य आडवे येते, असा त्यांचा अनुभव. यादीत तीस-बत्तीस संज्ञा होत्या. पहिली 'एजंट', दुसरी 'मल्टिएजंट सिस्टीम'. "तुम्ही दोघे मराठीचे. दोन दिवसांत शब्द काढून द्या," असे सांगून ते तासाला निघून गेले.

आम्ही दोघे म्हणजे जिल्ह्याच्या गावातील एका जुन्या महाविद्यालयाच्या मराठी विभागातील दोन अध्यापक. संगणकाशी आमचा संबंध गुण भरण्यापुरता. तरीही पारिभाषिक शब्द घडवण्याचा मराठीच्या माणसाला जो एक जुना हुरूप असतो तो आम्हांलाही आहे. दोन दिवसांचे काम दोन महिने रेंगाळले. मध्यंतरी असे काही घडले की त्या पहिल्या शब्दाचा अर्थ आम्हांला कोशांपेक्षा विभागाबाहेरच्या एका बाकाने अधिक नीट समजावला. ते सांगण्यासाठी हा लेख.

प्रथम शब्दाविषयी. संगणकशास्त्रात एजंट म्हणजे काय, हे सहकाऱ्यांनी दिलेल्या वाचनातून आम्ही समजून घेतले. मायकेल वूल्ड्रिज आणि निकोलस जेनिंग्ज यांनी १९९५ मध्ये या विषयावर जो निबंध लिहिला तो आजही आधारभूत मानला जातो. त्यांच्या मते एजंट म्हणवणाऱ्या प्रोग्रामच्या अंगी चार गुण हवेत. तो दर पावलाला माणसाला न विचारता स्वतःच्या हालचाली स्वतः ठरवतो. इतर एजंटांशी, प्रसंगी माणसांशी, व्यवहार करतो. भोवतालच्या बदलाला वेळेवर प्रतिसाद देतो. आणि केवळ प्रतिसादावर न थांबता आपल्या उद्दिष्टासाठी पुढाकार घेतो. असे अनेक एजंट एकत्र नांदू लागले, वाटाघाटी करू लागले, म्हणजे ती बहुएजंट व्यवस्था.

अडचण अशी की इंग्रजी 'एजंट' या एकाच घरात दोन बिऱ्हाडे राहतात. करणारा तो एजंट, आणि दुसऱ्याच्या वतीने करणारा तोही एजंट. मराठीने ही दोन बिऱ्हाडे पूर्वीच वेगळी करून ठेवली आहेत. पहिल्या अर्थाला 'कर्ता' आहे. पाणिनीने कर्त्याची ओळख सांगताना त्याचे स्वातंत्र्य हाच एक विशेष पुरेसा मानला. दुसऱ्या अर्थाला मात्र शब्दांची रांगच आहे: मुखत्यार, गुमास्ता, मुनीम, अडत्या, दलाल, वकील. या सगळ्या शब्दांची एक गंमत आमच्या लक्षात आली. यांतला कोणताही शब्द उच्चारला की ऐकणारा लगेच विचारतो, "कोणाचा?" मुनीम कोणत्या पेढीचा, वकील कोणत्या दरबाराचा, मुखत्यार कोणाच्या इस्टेटीचा? 'कर्ता' म्हटले की हा प्रश्न उठत नाही. कायद्याच्या मराठीत 'अभिकर्ता' हा शब्द आहे खरा. पण त्यातला 'अभि' हा प्रश्न कानात जागा करत नाही. मुलांना तो शब्द पाठ होईल, समजेल की नाही याची आम्हांला शंका होती.

तूर्त आम्ही यादीत 'कर्ता' असे पेन्सिलीने लिहून ठेवले. चार गुणांमध्ये स्वायत्तता पहिली होती, आणि पाणिनी आमच्या बाजूला होता.

*

मार्चमध्ये आमचा एक माजी विद्यार्थी गावी आला होता. पुण्याला संगणक क्षेत्रात नोकरी करतो. मराठीवर प्रेम कायम. परीक्षांचा हंगाम, विभागाच्या ई-मेलवर साठलेली शेकडो पत्रे आणि आमची तारांबळ पाहून त्याने संध्याकाळभर बसून एक सहायक प्रोग्राम जोडून दिला. "हा तुमचा एजंट समजा, सर. टपाल वाचेल, साध्या प्रश्नांना मराठीत उत्तर देईल, वेळापत्रक बघून भेटीची वेळसुद्धा देईल." शब्दाच्या शोधात असलेल्या आम्हां दोघांना त्या क्षणी हसू आले. पंधरा दिवस त्याने चोख काम केले. प्रकल्पाची मुदत, तोंडी परीक्षेची तारीख, संदर्भग्रंथ कोणत्या कपाटात आहेत ही सारी उत्तरे आमच्यापेक्षा अधिक सौजन्याने लिहिलेली होती. खाली आमच्या दोघांची नावे. आरंभी आम्ही प्रत्येक उत्तर वाचत होतो. मग रोज संध्याकाळी वरवर चाळू लागलो. मग तेही राहिले.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातील एका विद्यार्थिनीचे पत्र आले. ती साठ किलोमीटरवरच्या तालुक्याच्या गावाहून येत असे. पत्र नेटके, औपचारिक मराठीत होते: काही कौटुंबिक कारणास्तव चौथ्या सत्राची परीक्षा द्यावी किंवा कसे याविषयी आपले मार्गदर्शन हवे आहे, कृपया भेटीची वेळ द्यावी. परीक्षेच्या अर्जाची मुदत येत्या सोमवारी संपणार होती. आमच्या सहायकाने वेळापत्रक पाहिले आणि उत्तर लिहिले. आपली अडचण आम्ही समजू शकतो. शनिवारी सकाळी अकरा वाजता विभागात या. आपण सविस्तर बोलू आणि मार्ग काढू. खाली आमची नावे.

शनिवारी आम्ही दोघेही उत्तरपत्रिका तपासणीसाठी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या महाविद्यालयात होतो. कॅपचा निरोप शुक्रवारी दुपारी फोनवर आला होता. वेळापत्रकात तो कोणीच नोंदवला नव्हता. सोमवारी संध्याकाळी विभागात परतलो तेव्हा शिपाई मामा सहज म्हणाले, "शनिवारी ती पोरगी दीड वाजेपर्यंत बाकावर बसली होती. सर-मॅडमनी बोलावलंय म्हणाली. मी सांगितलं, आज कोणी येणार नाही. तरी बसली." अर्जाची मुदत तासाभरापूर्वी संपली होती.

आम्ही फोन केला. आमचे पहिले वाक्य स्वतःच्या बचावाचे होते, हे कबूल केले पाहिजे. ते पत्र आम्ही लिहिलेच नव्हते, ते यंत्राने लिहिले, असे आम्ही म्हणालो. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग ती म्हणाली, "पण सर, खाली नावं तुमची होती."

*

त्या रात्री आम्ही सहकाऱ्यांनी दिलेले कागद पुन्हा काढले. या वेळी शब्द शोधण्यासाठी नव्हे. आमच्या नावाने दिले गेलेले, आम्हांला ठाऊक नसलेले वचन आमचे होते की नव्हते, एवढेच आम्हांला पाहायचे होते. त्या कागदांत आम्हांला आमच्याच विषयातील एक जुने नाव भेटेल अशी कल्पना नव्हती.

साहित्याच्या आणि भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांना जॉन ऑस्टिन परिचयाचे आहेत. १९५५ मध्ये हार्वर्डला त्यांनी दिलेली व्याख्याने त्यांच्या मृत्यूनंतर १९६२ मध्ये पुस्तकरूपाने आली. बोलणे हे पुष्कळदा वर्णन नसून कृती असते, हा त्यांचा विचार. 'मी वचन देतो' असे म्हणणारा वचनाविषयी माहिती देत नाही, वचन देतो. १९६९ मध्ये जॉन सर्ल यांनी या विचाराला शिस्तबद्ध रूप दिले. आम्ही हे सारे शैलीविज्ञानाच्या तासाला शिकवतो आणि परीक्षेनंतर विसरतो. संगणकशास्त्रज्ञ मात्र विसरले नव्हते. नव्वदच्या दशकाच्या आरंभी वेगवेगळ्या ठिकाणी घडलेल्या प्रोग्रामांनी एकमेकांशी बोलायचे कसे, हा प्रश्न उभा राहिला, तेव्हा त्यांनी उत्तर घेतले ते ऑस्टिन-सर्ल यांच्याकडून. प्रत्येक निरोपावर तो कोणत्या प्रकारची भाषिक कृती आहे याचा शिक्का असावा: हे सांगणे आहे, विचारणे आहे, की विनंती आहे. 'केक्यूएमएल' ही भाषा अशी घडली. पुढे १९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'फिपा' या संस्थेने अशा बावीस कृतींची प्रमाण यादी केली.

ती यादी आम्ही कवितेसारखी वाचली. सांगणे, विनंती करणे, प्रस्ताव मांडणे, तो स्वीकारणे, तो फेटाळणे, मान्य होणे, नकार देणे, रद्द करणे, काम फसल्याचे कळवणे. विनंतीला 'मान्य' म्हटले की काम आपण करू असा शब्द दिल्यासारखे होते. पण 'वचन देणे' अशी स्वतंत्र कृती यादीत नाही. क्षमा मागणेही नाही. एक कृती मात्र आहे जिने आम्हांला थांबवले: 'समजले नाही' असे कळवणे. यंत्रांच्या व्यवहारातही न समजल्याची कबुली ही एक रीतसर भाषिक कृती मानली गेली आहे. आमच्या सहायकाने नेमके उलटे लिहिले होते. आपली अडचण आम्ही समजू शकतो, असे.

या यादीच्या व्यावहारिक उपयोगाविषयी दोन शब्द सांगितले पाहिजेत, नाहीतर हा सारा पांडित्याचा खेळ वाटेल. रीड स्मिथ यांनी १९८० मध्ये मांडलेली 'कॉन्ट्रॅक्ट नेट' ही पद्धत घ्या. एका एजंटाकडे काम आले की तो ते जाहीर करतो. इतर एजंट आपापली कुवत पाहून बोली लावतात. योग्य बोलीला काम मिळते. आज काम देणारा उद्या दुसऱ्याच्या कामावर बोली लावू शकतो. बाजार समितीतला लिलाव ज्याने पाहिला आहे त्याला हे समजायला संगणक लागत नाही. मायकेल ब्रॅटमन या तत्त्वज्ञाच्या १९८७ च्या ग्रंथावरून आनंद राव आणि मायकेल जॉर्जेफ यांनी ऑस्ट्रेलियात धारणा, इच्छा आणि संकल्प या तीन कप्प्यांचा एजंट घडवला. १९९५ च्या सुमारास सिडनीच्या विमानतळावर त्याच्या चाचण्या झाल्या. उतरणाऱ्या प्रत्येक विमानामागे एक एजंट, आणि त्यांचा क्रम लावणारे आणखी काही. 'इंटेन्शन' या शब्दासाठी आम्ही 'संकल्प' सुचवला आणि तो सहकाऱ्यांना लगेच पटला. ब्रॅटमन यांचे म्हणणेच असे की संकल्प ही तीव्र इच्छा नव्हे. संकल्प केला की पर्यायांचा विचार थांबतो आणि माणूस बांधला जातो. तळहातावरून पाणी सोडणाऱ्या आमच्या आजोबांना हे ठाऊक होते.

*

आता मूळ प्रश्न. एजंट जेव्हा काही 'सांगतो' तेव्हा त्या सांगण्याचा अर्थ काय? 'फिपा'चे उत्तर मनाच्या भाषेत होते: सांगणाऱ्याची त्या गोष्टीवर स्वतःची धारणा आहे, आणि ऐकणाऱ्यानेही ती धरावी असा त्याचा हेतू आहे. या व्याख्येने आम्ही सुटत होतो. शनिवारी भेटण्याचा हेतू आमच्या मनात नव्हताच. हेतू नाही तर वचन नाही. प्रोग्रामला मन नाही, म्हणून त्याचेही ते वचन नाही. म्हणजे ती मुलगी अडीच तास कोणाच्याच वचनावर विसंबून बसली नव्हती!

या भूमिकेवर १९९८ मध्ये मुनिंदर सिंग यांनी नेमके बोट ठेवले. त्यांचा आक्षेप साधा आहे. दुसऱ्याने घडवलेल्या एजंटाच्या पोटात कोणती धारणा आहे, कोणता हेतू आहे, हे बाहेरून तपासता येत नाही. जे तपासता येत नाही त्यावर व्यवहाराच्या भाषेचा अर्थ कसा उभारणार? म्हणून अर्थ मनात न शोधता चारचौघांत, परस्परांच्या देण्याघेण्यात शोधावा. बोलण्यातून एक देणे निर्माण होते. त्याला एक ऋणको असतो, एक धनको असतो. ते देणे फेडता येते, दुसऱ्यावर सोपवता येते, रद्दही करता येते. मात्र त्यातून मोकळे करण्याचा अधिकार धनकोचा.

हे वाचताना आम्हांला आमचा वर्ग आठवला. १९४६ मध्ये विमसॅट आणि बिअर्डस्ली यांनी लेखकाचा हेतू हा कृतीच्या मूल्यमापनाचा आधार होऊ शकत नाही असे सांगितले, ते आम्ही दर वर्षी उत्साहाने शिकवतो. कवीला काय म्हणायचे होते हे विचारू नका, संहितेत काय आहे ते पाहा, असे मुलांना बजावतो. त्याच आम्ही फोनवर पहिल्याच वाक्यात आमच्या हेतूचा आसरा घेतला होता. तिने संहिता पाहिली होती. संहितेखाली नावे आमची होती.

कायदाही तिच्याच बाजूला आहे. भारताचा माहिती तंत्रज्ञान अधिनियम २००० मधला. त्याचे अकरावे कलम सांगते की एखाद्याने किंवा त्याच्या वतीने आपोआप चालण्यासाठी बसवलेल्या प्रणालीने पाठवलेला संदेश त्या व्यक्तीचाच मानावा. कॅनडात फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश कोलंबियाच्या एका न्यायाधिकरणापुढे असेच प्रकरण निकाली निघाले. आजीच्या मृत्यूनंतर प्रवास करणाऱ्या एका प्रवाशाला एअर कॅनडाच्या संकेतस्थळावरील संवादी प्रोग्रामने सांगितले की सवलतीसाठी नंतर अर्ज केला तरी चालेल. नियम तसा नव्हता. प्रोग्रामच्या बोलण्याला आपण जबाबदार नाही, असा कंपनीचा पवित्रा होता. न्यायाधिकरणाने तो मानला नाही आणि सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर देण्यास सांगितले. रक्कम लहान आहे. त्या कंपनीचा युक्तिवाद वाचताना मात्र आम्हांला आमचाच आवाज ऐकू आला.

*

मंगळवारी सकाळच्या एसटीने आम्ही तिच्या गावी गेलो. बसस्थानकामागे वडिलांचे शिवणकामाचे दुकान. वडिलांना जानेवारीत पक्षाघात झाला होता, हे आम्हांला तेव्हा कळले. दुकान तीच चालवत होती. चहा झाल्यावर तिने आणखी एक गोष्ट सांगितली. आपल्या बोलीत तिने फोनवर लांबलचक मजकूर बोलून लिहिला होता: वडिलांचा उजवा हात, लग्नाचा विषय, दुकानाचे भाडे, सारे काही. आम्हां भाषेच्या प्राध्यापकांना असे कसे पाठवायचे, म्हणून फोनमधल्या एका प्रोग्रामला तिने ते 'शुद्ध' करायला सांगितले. त्याने या साऱ्याचे 'काही कौटुंबिक कारणास्तव' असे केले.

म्हणजे तिच्या एजंटाने आमच्या एजंटाला पत्र लिहिले होते आणि आमच्या एजंटाने तिच्या पत्राला उत्तर दिले होते. विनंती, स्वीकार, वेळ, ठिकाण: सारे रीतसर. या व्यवहारात एकच गोष्ट कोणी कोणाला सांगितली नाही, आणि ती म्हणजे तिची अडचण. शुद्धलेखनाचा धाक तिला आमच्याच विभागाने घातला होता, हेही येथे नोंदवले पाहिजे.

विलंब शुल्कासह अर्ज भरायला अजून चार दिवस होते. शुल्क आम्ही भरतो, असे म्हणालो. ती म्हणाली, "नको, मॅडम. बाकावर बसले होते तेव्हाच ठरलं. यंदा नाही." आम्ही क्षमा मागितली. "असू द्या," एवढेच म्हणाली. धनकोने मोकळे केले असे याला म्हणावे का? आपली भाषा 'असू द्या' हे शब्द देणे माफ करताना वापरते आणि देणे मिळण्याची आशा सोडतानाही वापरते. आम्ही दोघे परतीच्या एसटीत यावर बोललो नाही.

सहकाऱ्यांची यादी आम्ही एप्रिलअखेर परत दिली. 'कर्ता' खोडला. पाणिनीकडे परत गेलो तेव्हा दिसले की कर्त्याला स्वतंत्र म्हटल्यावर लगेच पुढच्या सूत्रात तो कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याचीही नोंद घेतो. 'करणे' आणि 'करवणे' हा भेद मराठीच्या प्रयोजक क्रियापदातही रोजच्या वापरात आहे. पत्र प्रोग्रामने लिहिले, ते आम्ही लिहवले. शब्द म्हणून आम्ही 'एजंट'च कायम ठेवला. विम्यापासून आरटीओपर्यंत एजंट पाहिलेल्या मुलांना तो कळतो. फक्त चार गुणांच्या खाली एक ओळ वाढवून मागितली: प्रत्येक एजंटाविषयी प्रथम विचारावे की तो कोणाचा मुखत्यार आहे आणि त्याने दिलेला शब्द कोण पाळणार आहे. सहकाऱ्यांनी ती ओळ घेतली. गेल्या सत्राच्या अंतर्गत परीक्षेत तिच्यावर दोन गुणांचा प्रश्नही विचारला.

विभागाचा सहायक अजून आहे. तारखा सांगतो, कपाटांचे क्रमांक सांगतो. भेटीची वेळ देण्याची त्याला मुभा नाही. कळण्यापलीकडचे काही आले की 'समजले नाही, अध्यापक स्वतः लिहितील' असे तो कळवतो, आणि खाली आमची नावे नसतात. ती अधूनमधून लिहिते, आता तिच्याच बोलीत. त्या पत्रांना उत्तरे आम्ही स्वतः लिहितो. मागच्या पत्रात अर्जाविषयी विचारले होते. "बघू," असे तिने लिहिले आहे.